काळ्या सुटाचे कलम

।। श्री हिंगुलांबिका प्रसन्न ।।

मी, नरसिंह भीमसेन सुत्रावे, वय वर्षे पंचाहत्तर चालू, धंदा शिवणकाम, राहणार इंदिरानगर दुसरा स्टेज, बेंगळुरू, आज रविवार दिनांक ८ मार्च २०२६ रोजी सकाळी, नाश्ता पोटभर झाल्यावर आणि नवा चष्मा लावून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. नोव्हेंबरात मोतीबिंदू काढल्यापासून डोळेही ठिकाणावर आले आहेत. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. दबाव आणू शकणारी एकच व्यक्ती होती, माझी पत्नी शिवलीला, आणि ती सात वर्षांपूर्वी गेली.

हे मृत्युपत्र मराठीत का, असे माझी मुलगी विचारणार, म्हणून आधीच लिहितो. आमचे भावसार घराणे या गावात किती पिढ्या आहे हे कुणालाच नक्की माहीत नाही. घरात आम्ही मराठी बोलतो, पण तिच्यात ‘स्वल्प’, ‘सरी’, ‘अय्यो’ असे कन्नड शब्द इतके मिसळलेले की शिवलीला लग्न होऊन निपाणीहून आली तेव्हा पहिले पंधरा दिवस ती माझ्या बोलण्यावर तोंडाला पदर लावून हसायची. ती शाळेत शिकवायची. तिने मला शुद्ध मराठी लिहायला लावले, रोज एक पान, नवरा असलो तरी लाल शाईने चुका काढून. एवढी मेहनत एखाद्या कागदावर तरी दिसावी, म्हणून मराठीत.

कलम १. यापूर्वी मी १० जून २०१९ रोजी एक मृत्युपत्र केले होते. ते आजपासून रद्द समजावे. त्यातली बाकीची कलमे बरी होती, पण शेवटचे कलम असे होते: ‘माझा काळा सूट समाजाच्या हॉलला द्यावा, गरजू मुलांनी तो वापरावा. माझा मुलगा रविकिरण याला तो कोणत्याही परिस्थितीत देऊ नये.’ घर दिले, बँकेतले दिले, आणि सूट मात्र नाही. हे वाचून कुणी हसेल. लिहिताना मला हसू येत नव्हते. माझा तो राग चुकीचा निघाला. कसा, ते कलम दहामध्ये सविस्तर येईल. हे नवे मृत्युपत्र मी खरे तर त्या एका कलमासाठीच करत आहे.

कलम २. मला दोन मुले. थोरली कावेरी, राहणार म्हैसूर, विवाहित, एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. धाकटा रविकिरण, राहणार कोरमंगला, विवाहित, कॉम्प्युटरच्या एका नव्या कंपनीत मोठ्या जागेवर आहे. ती जागा कसली हे त्याने मला तीनदा समजावले आणि मी तीनदा मान हलवली. त्याची मुलगी संहिता नऊ वर्षांची आहे. माझी थोरली बहीण शालन अक्का, वय एक्क्याऐंशी, माझ्यासोबत राहते. माझे कुटुंब एवढेच.

कलम ३. घर. तळमजला आणि वरचा मजला मिळून जे काही आहे ते कावेरी आणि रविकिरण यांना समान वाटणीने द्यावे. बँकेतली शिल्लकही तशीच अर्धी अर्धी. घराचे पुढे काय करायचे ते दोघांनी ठरवावे, मी वरून बघत बसणार नाही. आमच्या डाव्या हाताला आता बिअरचे हॉटेल आहे आणि उजव्या हाताला कुत्र्यांचे केस कापायचे दुकान. घर विकावेच लागले तर कुत्र्यांच्या दुकानदाराला आधी विचारावे. त्याची कात्री चांगली चालते, मी पाहिले आहे.

मात्र शालन अक्का हयात असेपर्यंत तिची खोली तिचीच. तिची खाट, तिचे देव आणि सकाळी सहाला मोठ्याने रेडिओ लावायचा तिचा हक्क, या तिन्हींना कुणी हात लावू नये.

कलम ४. दुकान. ‘सुत्रावे टेलर्स’ ही पाटी माझ्यानंतर उतरवावी. हे दुःखाने लिहीत नाही. माझे वडील भीमसेन हे छावणीतल्या साहेब लोकांचे कोट शिवायचे. त्यांच्या हाताखाली मी अकराव्या वर्षी काजे करायला बसलो. इंदिरानगरात प्लॉट पडत होते आणि रात्री कोल्हे ओरडायचे तेव्हा मी इथे पुढची खोली दुकान म्हणून उघडली. धंद्याने मला घर दिले, दोन मुलांची शिक्षणे दिली, आणि पाठीला बाक दिला. हिशेब पुरा झाला.

दुकानातली दोन्ही मशीन, बारा इंची कात्री, इस्त्री आणि कटिंगचे टेबल माझा कारागीर दयानंद याला द्यावे. तो एकतीस वर्षे माझ्याकडे आहे. त्याच्या पँटी माझ्यापेक्षा चांगल्या होतात, हे मी त्याला आजवर सांगितले नाही. या कागदावर सांगतो. कोटाच्या बाह्या मात्र त्याने घाईत लावू नयेत.

दयानंदला एकच अट. माझ्या वडिलांचा नियम होता की ट्रायल घेतल्याशिवाय कोट गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा नाही. कच्च्या टाक्यात कोट अंगावर चढवायचा, माणसाला आरशासमोर उभे करायचे, पाठीमागे जाऊन बघायचे, टाचण्या लावायच्या, खडूने खुणा करायच्या. कितीही ओळखीचा असो, कितीही घाईत असो. वडील म्हणायचे, “माप टेपवर असतं, माणूस ट्रायलला कळतो.” एका कर्नलला त्यांनी ट्रायलशिवाय कोट द्यायला नकार दिला होता, आणि कर्नल दुसऱ्या दिवशी परत आला होता. हा नियम मी साठ वर्षे पाळला. दयानंदने पुढे पाळावा.

कलम ५. मापांच्या वह्या. एकूण त्रेचाळीस आहेत, कटिंगच्या टेबलाखाली. त्या जाळाव्यात. त्यांत अर्ध्या इंदिरानगरच्या पोटांचे घेर वर्षवार लिहिलेले आहेत, आणि लोकांनी माझ्यावर विश्वास ठेवून पोट आत न ओढता माप दिले आहे. रविकिरणचे आजचे माप कोणत्याही वहीत नाही. ते कलम दहामध्ये येईल.

कलम ६. शेजारी मल्लाप्पा, बस डेपोतून निवृत्त, हे गेली बावीस वर्षे त्यांची स्कूटर माझ्या फाटकासमोर लावतात. मी बोललो, भांडलो, एकदा पाटी लावली. त्यांनी पाटीलाच टेकवून स्कूटर लावली. मी त्यांना माफ करतो. शिवलीलाला शेवटच्या आजारात तीन वेळा त्यांनीच हॉस्पिटलात नेले, आणि रिक्षा शोधायला वेळ गेला नाही तो स्कूटर फाटकासमोर होती म्हणून. तरीही माझी अंत्ययात्रा निघेल त्या दिवशी ती थोडी बाजूला घ्यावी.

कलम ७. माझे क्रियाकर्म साधे करावे. मला पांढरा शर्ट आणि धोतर घालावे. काळा सूट घालू नये. परदेशात तसे करतात असे ऐकतो, पण चांगले कापड जाळायला माझा जीव होणार नाही. शालन अक्काने रडावे, पण जेवण चुकवू नये.

कलम ८. शिवलीलाची लाल शाईची दौत आणि माझ्या शुद्धलेखनाची वही संहिताला द्यावी. तिचे मराठी आजोबांच्या पहिल्या पानासारखे आहे. तिच्या बापाने रोज एक पान लिहून घ्यावे.

कलम ९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी कावेरीने करावी. ती दोन्ही बाजूंना सारखीच रागावू शकते.

कलम १०. काळा सूट.

काळा सूट पुरुषाच्या कपाटात असावा की नसावा, या प्रश्नावर मी आयुष्यभर वाद घातला आहे. गिऱ्हाइकांशी घातला, बहिणीशी घातला, आणि ज्याच्याशी घालायला हवा होता त्या मुलाशी सतरा वर्षे घातला नाही. म्हणून माझी बाजू इथे मांडतो.

हा सूट मी डिसेंबर १९८२ मध्ये शिवला. साडेतीन मीटर काळे लोकरी कापड, त्या काळातले माझे सगळ्यात महाग कापड. शिवण्याचे कारण शिवलीला. आमच्या लग्नानंतरची ती पहिली संक्रांत. निपाणीकडे नव्या सुनेला काळी साडी नेसवून हलव्याचे दागिने घालतात. इथे एळ्ळु-बेल्ला वाटतात, तीळगुळासारखेच, पण काळी साडी कुणी नेसत नाही. उलट काळे म्हणजे अशुभ. तिच्या आईने काळी चंद्रकळा आणि हलव्याचे दागिने पार्सलने पाठवले. तिने ते उघडले, बघितले आणि पुन्हा बांधून ठेवले. म्हणाली, सगळ्या घरात मी एकटीच काळी दिसेन. मी दुकानात गेलो आणि सुटासाठी काळे कापड फाडले.

संक्रांतीला आम्ही दोघे काळ्यात बसलो. तिच्या गळ्यात हलव्याचा हार, माझ्याही गळ्यात हार, कोटावर. शालन अक्का दारातून आत येईना. शेवटी तिने तोड काढली. नव्या कपड्याला हळद लावतातच, तर तिने कोटाच्या कॉलरच्या आत, कुणाला दिसणार नाही असा, हळदीचा एक ठिपका लावला आणि म्हणाली, आता चालेल. त्या दिवशी कोटाच्या खिशात हलव्याचे दाणे पडले आणि आठ दिवस मुंग्या येत होत्या. शिवलीला इतकी सुंदर दिसत होती की फोटोवाला तिचेच फोटो काढत राहिला आणि मी दोन फोटोंत अर्धाच आलो आहे.

तर या सुटाचा पहिला उपयोग एवढाच, की माझी बायको त्या दिवशी एकटी पडली नाही.

मी तो आणखी एकदाच घातला, २०१० साली, कावेरीच्या रिसेप्शनला. बाकी सगळी वर्षे तो इतरांनी घातला. मी शिवताना प्रत्येक शिवणीत आत दोन इंच जादा कापड सोडले होते, अगदी खांद्यातही, जिथे सहसा कुणी सोडत नाही. त्यामुळे तो कुणाच्याही अंगाला उसवून सैल करता यायचा किंवा टाके मारून आवळता यायचा. गल्लीत कुणाला इंटरव्ह्यू असो, व्हिसा असो, मुलगी बघायला जायचे असो, सूट माझ्याकडून जायचा. मी फुकट द्यायचो आणि परत आल्यावर इस्त्री करून ठेवायचो. अकरा जणांनी तो घातला. दर वेळी अक्का नव्या माणसासाठी कॉलरच्या आत हळदीचा नवा ठिपका लावायची. कॉलर उलटून पाहिली तर माझा धरून बारा ठिपके दिसतील. त्यांतले नऊ जण नोकरीला लागले, एकाचे लग्न जमले, आणि एकाचे दुर्दैवाने जमले नाही, पण त्यात सुटाचा दोष नव्हता. आता कुणी सांगावे की काळा सूट ही वायफळ वस्तू आहे.

ते सांगितले माझ्या मुलाने.

जून २००९. त्या वर्षी नोकऱ्या आटल्या होत्या. रविकिरण इंजिनियर होऊन घरी बसला होता. आमच्या मागच्या गल्लीतला जयतीर्थ याला बँकेतल्या अधिकाऱ्याच्या जागेचा इंटरव्ह्यू आला, गुरुवारी. त्याचे वडील आदल्या वर्षी वारले होते, घरी आई आणि दोन धाकट्या बहिणी. मी सूट त्याच्या अंगासारखा आवळून मंगळवारीच त्याला दिला. पोरगा इतका बारीक की कंबरेत तीन इंच मारावे लागले.

बुधवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास रविकिरण दुकानात आला. मी यशोवर्धन नावाच्या एका गिऱ्हाइकाची ट्रायल घेत होतो, काळ्याच सुटाची. रविकिरण म्हणाला, बोम्मसंद्रातल्या एका कारखान्यातून फोन आला आहे, इंटरव्ह्यू उद्या सकाळी. माझ्या हातातला खडू तसाच राहिला. उद्या म्हणजे गुरुवार, आणि सूट जयतीर्थकडे. मी म्हणालो की थांब, त्याच्याकडून मागून आणतो, नाहीतर दुसरा कापतो, सकाळपर्यंत होईल.

तेव्हा तो हसला. दुकानात, गिऱ्हाइकादेखत. म्हणाला, “राहू द्या हो अप्पा. काळा सूट म्हणजे कपाटात नुसती जागा अडवतो. जन्मात दोनदा घालायचा, तोही फोटोपुरता. हल्ली कोण बघतं.”

यशोवर्धनही हसला. त्याने अंगातला कच्चा कोट काढून टेबलावर ठेवला आणि विचार करून कळवतो म्हणाला. पुढच्या महिन्यात तो मला रेडीमेड सुटात दिसला, बाह्या बोटांपर्यंत. (यशोवर्धनना मी माफ करत नाही. बाह्यांनीच त्यांना पुरेशी शिक्षा केली आहे.)

रविकिरण दुसऱ्या दिवशी निळा शर्ट घालून गेला आणि ती नोकरी त्याला मिळाली नाही. जयतीर्थला बँकेत मिळाली. रविकिरणला वर्षभराने दुसरी मिळाली, मग तिसरी, आज त्याचे छान आहे. पण मी ते वाक्य गिळू शकलो नाही. ज्या धंद्यावर वाढला त्या धंद्याला तो अडगळ म्हणाला, असे माझ्या मनाने धरले. त्याने मापासाठी माझ्यासमोर उभे राहावे असे मी पुन्हा कधी म्हटले नाही, आणि तोही उभा राहिला नाही. आम्ही बोलतो. तो दर रविवारी येतो, औषधे आणतो, डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतो. पण तो दुकानाच्या खोलीत आला की मी मशीन चालू करतो. शिवलीला जाईपर्यंत मला समजावत राहिली. ती गेल्यावर तीन-चार महिन्यांत मी ते २०१९ चे कलम लिहिले.

आता मागच्या रविवारची गोष्ट. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर नवे मृत्युपत्र करावे असे मनात आले. मसुदा तयार केला, जुनीच कलमे उतरवली. साक्षीदार म्हणून जयतीर्थला बोलावले. तो आता त्याच बँकेत शाखा सांभाळतो, मुलाबाळांचा झाला आहे, पोटही सुटले आहे. कन्नड घरचा, पण आमच्या ओसरीवर वाढल्यामुळे मराठी समजते. बँकेतला माणूस, मजकूर कळल्याशिवाय सही करत नाही म्हणाला. मी एकेक कलम वाचून दाखवले. सुटाच्या कलमापाशी आलो आणि त्याने पेनाचे टोपण लावले.

“अंकल, हे सरी नाही. यावर मी सही करणार नाही.”

मी रागावलो. माझी वस्तू, मी कुणालाही देईन, असे बरेच काही बोललो. तो ऐकून घेत राहिला. मग त्याने जे सांगितले ते त्याने सतरा वर्षे पोटात ठेवले होते, कारण तसा शब्द दिला होता.

त्या बुधवारी दुपारी त्याला कळले होते की रविकिरणलाही गुरुवारचाच इंटरव्ह्यू आहे. तो सूट पिशवीत घालून परत द्यायला निघाला. आमच्या फाटकाशी, मल्लाप्पांच्या स्कूटरजवळ, त्याला रविकिरण भेटला. रविकिरणने पिशवी उघडूनही पाहिली नाही. तूच घाल, म्हणाला. जयतीर्थने विचारले की मग तुझे काय. तेव्हा माझा मुलगा त्याला कन्नडमध्ये म्हणाला, “ननगे अप्पा इद्दारे.” मला अप्पा आहेत.

आणि त्याला घरी परत धाडले. वर बजावले की अप्पांना यातले काही सांगू नकोस. त्या महिन्यात माझे डोके सारखे दुखायचे आणि शिवलीलाने मला दिव्याखाली सुई धरायला बंदी केली होती. अप्पांना वाटले की मला सूट हवा आहे, तर ते रात्रभर बसून दुसरा शिवतील, असे तो म्हणाला. आणि पुढे म्हणाला, मी त्यांना असे काही सांगतो की ते सुईला हातच लावणार नाहीत.

त्यानंतर तासाभराने तो दुकानात आला आणि हसून ते वाक्य बोलला.

जयतीर्थ हे सांगत असताना शालन अक्का दारात उभी होती. ती म्हणाली, “नरसू, तुला कापड कळतं. पोरगा नाही कळला.” मी उठून दुकानात गेलो आणि दिवा न लावता बसलो. मला फार रडू आले. पंचाहत्तराव्या वर्षी असे रडू येईल असे वाटले नव्हते. मी त्याला सतरा वर्षे मशीनचा आवाज ऐकवला आणि तो दर रविवारी येतच राहिला.

म्हणून आता लिहितो. माझे माझ्या मुलावर, रविकिरणवर, अतिशय प्रेम आहे. हे वाक्य कायद्याला लागत नाही. मला लागते.

सोमवारी सकाळी मी सूट कपाटातून काढला आणि उसवायला घेतला. रविकिरणचे आजचे माप कुठल्याच वहीत नाही, हे वर लिहिले आहे. पण ते माझ्या हातात होते. नोव्हेंबरपासून तो मला त्याच्या स्कूटरवर मागे बसवून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेत होता. डोळ्याला पट्टी, गाडीचे धक्के, मी त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून बसायचो. एका खांद्याच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत माझ्या दोन विती आणि एक बोट. म्हणजे पावणेएकोणीस इंच. डावा खांदा उजव्यापेक्षा पाव इंच खाली आहे, वर्षानुवर्षे लॅपटॉपची पिशवी त्याच बाजूला घेतल्याने. छाती बेचाळीस असावी, त्याच्या घरी वाळत घातलेल्या शर्टावरून. पोट त्याने जरा कमी करावे.

शिवणीत सोडलेले दोन इंच मी सगळीकडून मोकळे केले. अकरा माणसांसाठी ते आवळले, सोडले, पुन्हा आवळले, आणि आत कापड अजून नव्यासारखे काळे आहे. डाव्या खांद्यात पातळ पॅड भरले, म्हणजे दोन्ही खांदे एका रेषेत दिसतील. डाव्या खिशाच्या कोपऱ्यात हलव्याचा एक दाणा सापडला, दगडासारखा झालेला. तो तिथेच शिवून टाकला आहे. काढू नये. दयानंदने मदत करू का विचारले. मी नको म्हटले. सहा दिवस लागले. काल शनिवारी शेवटची इस्त्री झाली.

तरी हा काळा सूट, कोट एक, पँट एक, माझ्या मृत्यूनंतर माझा मुलगा रविकिरण नरसिंह सुत्रावे याला द्यावा. तो त्याचाच. तो इतर कुणाला उसना देण्याआधी त्याने एकदा तरी स्वतः घालावा. काळा सूट कपाटात असावा की नाही यावर त्याचे मत जे असेल ते असो. त्याने तो फेकला तरी माझी हरकत नाही, पण घालून मग फेकावा.

येथे मृत्युपत्राचा मजकूर संपला. मल्लाप्पा आणि जयतीर्थ, दोन्ही साक्षीदार आले आहेत. सही करण्याआधी सगळे कागद मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवले. मल्लाप्पांनी कलम ६ बद्दल तक्रार नोंदवली की बावीस नाही, एकोणीस वर्षे. ती इथे लिहिली.

सहीपूर्वीची दुरुस्ती.

कलम दहा वाचून झाले. मग दयानंद, जो चहा घेऊन आत आला होता, त्याने विचारले, “अण्णा, याची ट्रायल कधी घेतली?”

घेतलेली नाही. घेणार कशी? सूट माझ्यामागे द्यायचा म्हणजे तो ट्रायलशिवाय द्यायचा. पाव इंच डावा खांदा मी पट्टी बांधलेल्या डोळ्यांनी मोजला आहे. तो बरोबर आहे की नाही ते रविकिरणच्या मागे उभे राहून, हात लावून बघावे लागेल. त्याला मी हयात असायला हवे. वडिलांनी जो नियम कर्नललाही मोडू दिला नाही, तो मी आज घरच्या घरी मोडायला निघालो होतो.

त्यामुळे, पूर्ण विचार करून, काळा सूट या मृत्युपत्रातून वगळण्यात येत आहे. कलम दहातला ‘तरी हा काळा सूट’ पासून पुढचा परिच्छेद रद्द समजावा. बाकीचा मजकूर राहू द्यावा, मुलांना कळावे म्हणून.

सह्या झाल्या की मी कोरमंगलाला जात आहे. रविकिरणला फोन केला आहे. तो म्हणाला, “आज रविवार, मीच येतो ना अप्पा, तुम्ही कशाला?” मी म्हटले, माप घ्यायचे आहे. तो म्हणाला, “या. मी उभा राहतो.”

सोबत सूट, टेप, खडू आणि टाचण्यांची डबी घेतली आहे. अक्काने हळदीची पुडी दिली आहे. मल्लाप्पा म्हणतात, रिक्षा कशाला, मी सोडतो, आणि त्यांची स्कूटर या घटकेला फाटकासमोरून हलली आहे.

वरील सर्व मजकूर वाचून, समजून, खुशीने सही करतो.

(सही) नरसिंह भीमसेन सुत्रावे

साक्षीदार १: (सही) मल्लाप्पा, शेजारी, इंदिरानगर. वर्षे एकोणीसच.

साक्षीदार २: (सही) जयतीर्थ, बँक अधिकारी, इंदिरानगर. कॉलरच्या आतला दहावा ठिपका माझा. आज खुशीने सही केली.

ठिकाण: बेंगळुरू
दिनांक: ८ मार्च २०२६, सकाळी साडेअकरा